डी. एन. म्हणजे कोण?

मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मुंबई वारसा जतन समितीचे मा. सदस्य,

सप्रेम नमस्कार.

ज्या रस्त्याबद्दल लिहितो आहे तो आपल्या मुख्यालयाच्या पायाशीच आहे. खिडकीतून वाकून पाहिलं तर दिसेल. पण जवळच्या गोष्टीची फाइल नेहमी लांबचा फेरा मारून येते, हे मी फोर्टात 31 वर्षं कारकुनी करून शिकलो आहे. म्हणून टपालाच्या नादी न लागता हे खुलं पत्र.

निमित्त माझ्या नातीचं. भुयारी मेट्रो हुतात्मा चौकापर्यंत आली, तेव्हा तिला म्हटलं, चल, माझी रोजची वाट दाखवतो. फाउंटनला वर आलो आणि बोरीबंदरच्या दिशेने चालायला लागलो. पोरीला दुकानांच्या पाट्या वाचायची सवय आहे. दहा-बारा पाट्यांवर एकच पत्ता वाचल्यावर तिने विचारलं, "आजोबा, डॉ. डी. एन. रोड म्हणजे? डी. एन. कोण?" मी म्हटलं, ओळख बघू. ती म्हणाली, "दीनानाथ?" मग जरा विचार करून, "डॉक्टर आहेत ना, कामा हॉस्पिटलमधले कुणी असतील."

मी हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण नोकरीला लागल्यावर पहिली आठ-दहा वर्षं मलाही ठाऊक नव्हतं. ऑफिसच्या लेटरहेडवर तोच पत्ता छापलेला असायचा. दिवसाला पन्नास पाकिटांवर तो टंकत होतो, आणि ही दोन अक्षरं कुणाची, असं एकदाही मनात आलं नाही.

मुंबईत ही रीतच झाली आहे. आधी थोरामोठ्यांचं नाव रस्त्याला द्यायचं, त्यासाठी ठराव, समारंभ, फुलं, भाषणं सगळं करायचं. मग ते नाव उच्चारायचा कंटाळा करायचा. स्वामी विवेकानंद एस. व्ही. झाले. शास्त्रीजी एल. बी. एस. झाले. गिरगावात नाना शंकरशेटांच्या नावाचा रस्ता जे. एस. एस. झाला, ज्या माणसाच्या घरच्या कारभारावर अर्धी मुंबई उभी राहिली, त्याचं नाव ऐकायला एखाद्या सरकारी फॉर्मसारखं वाटतं. लोअर परळच्या एन. एम. जोशी मार्गावर निदान आडनाव तरी शिल्लक आहे, पण नारायण मल्हार जोशींनी कामगारांसाठी काय केलं हे त्या मार्गावरच्या टॉवरांत राहणाऱ्यांना विचारून पाहा. पुणेकरांनी तर हसूच नये. जंगली महाराजांचं त्यांनी जे. एम. केलं आहे.

आणि दादाभाई नौरोजींवर ही वेळ एकदा नाही, दोनदा आली. फोर्टात डी. एन. रोड, अंधेरीला डी. एन. नगर. दोन्हीकडे मेट्रो जाते आणि दोन्हीकडे माणूस गायब.

आता मराठी पाट्यांचं. दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या, अक्षरं मोठी झाली, मला आनंदच आहे. पण 'डी. एन. रोड' हे देवनागरीत रंगवलं म्हणून मराठी होत नाही. डी आणि एन ही इंग्रजी मुळाक्षरंच, फक्त धोतर नेसलेली. मराठीत आद्याक्षरंच करायची तर 'दा. नौ. मार्ग' व्हायला हवं होतं. तसं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. मुद्दा एवढाच की पूर्ण नाव लिहायला लागतात फक्त सात अक्षरं. दा, दा, भा, ई, नौ, रो, जी. एवढी जागा कुठल्याही पाटीवर असते.

या माणसाला आपण एवढं आखडून टाकलं, तो कोण होता? वारसा समितीला हे सांगायला नको, पण पत्र खुलं आहे, नातीच्या वयाचेही कुणी वाचतील. जन्म 4 सप्टेंबर 1825. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारा पहिला देशी प्राध्यापक. विशी-पंचविशीत मित्रांना घेऊन मुलींच्या शाळा काढल्या, तेही पदरमोड करून, आणि घरोघरी शिव्या खाऊन. 1851 मध्ये 'रास्त गोफ्तार' हे पत्र काढलं. पुढे विलायतेला व्यापारासाठी गेले. 1874 मध्ये बडोद्याला मल्हारराव गायकवाडांचे दिवाण झाले. ते प्रकरण त्यांना फार दिवस मानवलं नाही. काँग्रेसचे तीनदा अध्यक्ष, शेवटचे 1906 मध्ये कलकत्त्याला, तेव्हा वय 81, आणि त्या व्यासपीठावरून 'स्वराज्य' हा शब्द त्यांनी उच्चारला.

आयुक्तसाहेब, एक गोष्ट खास आपल्यासाठी. दादाभाई तुमच्या महापालिकेचे सभासद होते. या शहराच्या हिशेबाच्या वह्या त्यांनी हाताळल्या आहेत.

मला स्वतःला ते आवडतात ते आकडेमोडीमुळे. कारकुनाला कारकून ओळखतो म्हणा हवं तर. देश गरीब आहे असं रडगाणं त्यांनी गायलं नाही. प्रांताप्रांताचं पीक, त्याचे भाव, मीठ, कोळसा, सगळं सरकारच्याच अहवालांतून उचललं, बेरीज केली, डोकी मोजली आणि भागाकार मांडला : माणशी वर्षाला 20 रुपये. मग त्याच सरकारचे तुरुंगांचे हिशेब शेजारी ठेवले. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याहून जास्त निघाला. एका शब्दाचीही शिवी न देता घातलेला घाव आहे हा. याच हिशेबातून पुढे संपत्तीच्या निःसारणाचा, म्हणजे देशाचा पैसा विलायतेला वाहून जातो हे दाखवणारा, सिद्धांत उभा राहिला.

1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ते पार्लमेंटवर निवडून आले, अवघ्या 5 मतांनी. त्या भागात आजही एक लहानसा रस्ता आहे, त्याचं नाव नौरोजी स्ट्रीट. पूर्ण आडनाव, जसंच्या तसं. आडनाव उच्चारताना ज्यांची जीभ वळत नव्हती त्यांनी ते सांभाळलं, आणि आपण ज्यांच्या तोंडी ते लीलया बसतं त्यांनी डी. एन. केलं. राहता राहिला 'डॉ.'. तो औषधाच्या डॉक्टरांचा नव्हे. 1916 मध्ये, वयाच्या नव्वदीत, मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. पुढच्या वर्षी 30 जूनला ते गेले.

हा रस्ता त्यांच्या आधी कुणाचा होता? हॉर्नबी रोड. जुनी मंडळी अजून म्हणतात, माझे पहिले साहेब तर शेवटपर्यंत हॉर्नबीच म्हणायचे. विल्यम हॉर्नबी 1771 ते 1784 मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खाडी बांध घालून अडवायचं श्रेय त्याचं, आणि ते द्यायलाच हवं. त्या बांधामुळे मधली कितीतरी जमीन भरतीच्या पाण्यातून सुटली. पण मराठी वाचकाने त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. राघोबादादांशी सुरतेचा तह करून पेशवाईच्या भाऊबंदकीत हात घातला तो याच गव्हर्नरच्या मुंबईकर कौन्सिलने. त्याचा शेवट जानेवारी 1779 मध्ये वडगावला झाला. पुण्यावर निघालेली फौज महादजी शिंद्यांनी मावळात कोंडली आणि इंग्रजांना शरणागतीच्या तहावर सही करावी लागली. तो तह हॉर्नबीने मुंबईत बसून झिडकारला, ही गोष्ट वेगळी.

गंमत अशी की हॉर्नबीच्या नावाच्या मुंबईतल्या दोन्ही मोठ्या खुणा गेल्या. त्याचा बांध लाला लजपतराय मार्ग झाला आणि त्याचा रस्ता दादाभाईंचा. आता दादाभाईही गेले, अक्षरं राहिली.

पण हॉर्नबीच्याही आधी इथे रस्ता म्हणावा असं काही नव्हतं. इथे कोट होता. आजही आपण 'फोर्ट' म्हणतो, आमची आजी 'कोटात गेलेत' म्हणायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी गावाभोवती तट घातला. तीन दरवाजे ठेवले : अपोलो, चर्चगेट आणि बाजारगेट. संध्याकाळी दरवाजे बंद. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली. आता मराठे इथे येणार, या धास्तीने वर्गणी काढून तटाबाहेर खंदक खणायला घेतला. म्हणजे आज ज्या पट्ट्यावर आपण बसची वाट पाहतो, त्या पट्ट्याच्या इतिहासात वसईच्या तोफांचा धाक आहे. पुढे तटाबाहेरची घरं, झाडं काढून मोकळं मैदान केलं, तोफेच्या माऱ्याच्या टप्प्यात शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. आझाद मैदान, क्रॉस मैदान हे त्याचेच उरलेले तुकडे. शत्रू काही आला नाही, क्रिकेट आलं.

1803 च्या फेब्रुवारीत कोटाला मोठी आग लागली. त्यानंतर देशी वस्ती बाहेर सरकू लागली. तटाचा उपयोग संपला होताच, आत गर्दी आणि दुर्गंधी मात्र वाढत होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या पैशाच्या जोरावर गव्हर्नर बार्टल फ्रियरने 1860 च्या दशकात तट जमीनदोस्त केले. चर्चगेट जिथे होतं तिथे 1864 मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. खरं तर ते भायखळ्याच्या बागेसाठी होतं असं सांगतात. कोट गेला, खंदक बुजला आणि त्या पट्ट्याला लागून हा रस्ता रुंद होत गेला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण नाव हे निम्मंच दुखणं आहे.

हॉर्नबी रोडवर मोठमोठ्या इमारती उठायला लागल्या तेव्हा, 1896 मध्ये, सरकारने नियम केला. इथे इमारत बांधायची तर तळमजल्यावर दर्शनी बाजूला कमानी सोडायच्या, आणि कमानींच्या आतून लोकांना चालता येईल अशी वाट ठेवायची. वर काय हवं ते करा. गॉथिक करा, ग्रीक खांब लावा, घुमट चढवा, पैसा असेल तेवढं नक्षीकाम करा. खाली मात्र चालणाऱ्याला सावली द्यायची. या एका अटीमुळे हा रस्ता झाला. वरची प्रत्येक इमारत वेगळ्या तोंडवळ्याची, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि खाली सगळ्यांनी हातात हात घेतल्यासारख्या कमानी.

मुंबईत उन्हाचे आठ महिने आणि पावसाचे चार. ज्याने हा नियम केला त्याला हे कळत होतं. मला त्या अधिकाऱ्याचं नाव छातीवर लावून मिरवावंसं वाटतं, आणि हे मी इंग्रजी राज्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. नंतरच्या शंभर वर्षांत आपण टोलेजंग टॉवर बांधले, त्यांच्या पायथ्याशी चालणाऱ्यासाठी किती ठिकाणी एक हात सावली सोडली, ते आपल्या इमारत प्रस्ताव खात्याला विचारा.

31 वर्षं मी त्या कमानींखालून चाललो. पावलांना सगळं पाठ आहे. प्रत्येक इमारतीचं जोतं वेगळं, म्हणून दर पन्नास-साठ पावलांवर एक पायरी चढायची नाहीतर उतरायची. एकीकडे जुनी विलायती नक्षीची फरशी, मधोमध झिजून बशीसारखी खोलगट झालेली. पुढे शहाबादी. त्याच्यापुढे कुणीतरी स्नानगृहाला लावतात तसल्या गुळगुळीत टाइल्स बसवलेल्या, पावसाळ्यात तिथे अंगठा आवळून चालायचं. मग गल्ली आडवी येते, छत्री उघडायची, चार पावलं, परत मिटायची. छत्री मिटताना पाणी शेजारच्याच्या पायावर उडायचं आणि तो काही म्हणायचा नाही, कारण त्याची छत्रीही तेच करत असायची. जुन्या पुस्तकांचे ढीग, घड्याळांचे पट्टे, नकली कातडी पाकिटं, दुरुस्तीला आलेली पेनं. शाईपेनची निब घासून देणारा एक म्हातारा माणूस एका खांबाला टेकून बसायचा, त्याच्या बोटांची टोकं कायमची निळी होती.

असाच एक जुलै. धो धो पाऊस. गाड्या बंद पडल्याची बातमी आलेली, म्हणून आम्ही सात-आठ जण एका कमानीखाली थांबलो होतो. दुकानातून एक पोरगा आला आणि म्हणाला, "पुढे सरका, ही जागा दुकानाची आहे, गिऱ्हाईक येत नाही." आम्ही सरकलो. पुढच्या कमानीत एका टपरीवाल्याचं सामान निळ्या ताडपत्रीत बांधून ठेवलेलं, तिथे उभं राहायला जागाच नव्हती. मग रस्त्यावर उतरलो आणि भिजलो. त्या पोराचा मला राग नाही, त्याला मालकाने सांगितलं ते तो बोलला. राग माझा मलाच आला, काही वर्षांनी, जेव्हा हा 1896 चा नियम वाचला. ज्या सावलीसाठी ती कमान बांधली होती, तिच्यातून आम्ही 'हो हो' म्हणत निमूट निघालो होतो. नियम माहीत असता तर निदान भांडून भिजलो असतो.

इथे मी फेरीवाल्यांविरुद्ध लिहितो आहे असं कुणी समजू नये. त्या कमानींत बसणाऱ्यांकडूनच मी आयुष्यभर छत्र्या, मोजे आणि मुलांचे शब्दकोश घेतले. चहावाला आणि पुस्तकवाला नसलेला हा रस्ता मला मेल्यासारखा वाटेल. पण दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट मोकळी असणं आणि चालणाऱ्यालाच उपरा ठरवणं, यात फरक आहे. आणि वाट अडवण्यात पक्की दुकानं, त्यांचे लोखंडी दरवाजे, जनरेटर, एसीची यंत्रं, बँकांचे चढ-उतार यांचा वाटा फेरीवाल्यांहून कमी नाही. गाडी उचलायला जातात ती फेरीवाल्याची, कारण तिला चाकं असतात.

इमारतींबद्दल मी फार लिहीत नाही, पर्यटकांना दाखवायच्या याद्या भरपूर आहेत. फक्त ज्या गोष्टी फलकांवर कधी येत नाहीत त्या सांगतो.

बोरीबंदरचं स्टेशन 1878 ते 1888 या काळात बांधलं, वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्या कामावर सहायक अभियंता म्हणून सीताराम खंडेराव वैद्य होते आणि देखरेखीला एम. एम. जनार्दन. दगडातले मोर, माकडं, पानं-फुलं घडवायला जे. जे. कलाशाळेची मुलं होती, म्हणजे याच रस्त्यावरची शाळा. रस्त्याने स्वतःचं स्टेशन स्वतःच्या पोरांकडून सजवून घेतलं.

आपली स्वतःची इमारत. कोनशिला 1884, काम पुरं 1893, वास्तुकार तोच स्टीव्हन्स. मंजूर खर्च 11,88,082 रुपये, झालेला खर्च 11,19,969 रुपये. 68,113 रुपये वाचले. आयुक्तसाहेब, हे वाक्य मी कुठलाही टोमणा न मारता लिहिलं आहे, तरी ते टोमण्यासारखं वाचलं जाईल, त्याला माझा इलाज नाही.

कॅपिटल थिएटर 1879 मध्ये गेइटी या नावाने नाटकांसाठी उघडलं. पुढे वाच्छा अग्यारी, 1881 ची, दाराशी पंख असलेले माणसाच्या तोंडाचे बैल. लहानपणी माझी मुलगी त्यांना 'दाढीवाले नंदी' म्हणायची. पेटिट इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय, मूळ 1856 चं. त्याच्या वाचनालयात आजही इतकी शांतता असते की वर्तमानपत्राचं पान उलटलेलं ऐकू येतं. विलायती कापड आणि टोप्या विकणाऱ्या व्हाइटवे लेडलॉच्या इमारतीत नंतर खादी भांडार आलं. यावर भाष्य करायला नको, त्या इमारतीनेच ते करून ठेवलं आहे.

आणि सिद्धार्थ कॉलेज. बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये कॉलेज. सकाळचे वर्ग, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. माझ्या ऑफिसात असे तिघे होते. सकाळी कॉलेज, मग त्याच कमानींखालून चालत कामावर, डब्यात पोळी आणि खिशात वहीची गुंडाळी. त्यातला एक पुढे आमचा वरिष्ठ झाला. हॉर्नबीच्या रस्त्यावर, जिथे एकेकाळी देशी माणूस माल पोचवायला यायचा, तिथे या पोरांना पदवी मिळाली. कॉलेजच्या बुद्ध भवनसमोरून जाणाऱ्या एखाद्या वारसा-फेरीत मला हे कुणी सांगताना अजून ऐकू आलं नाही. कमानीची शैली सांगतात.

रस्त्याचं दक्षिण टोक फाउंटन. 21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर तिथे गोळीबार झाला. पुढच्या महिन्यांत आणखी माणसं पडली. 106 हुतात्म्यांचा आकडा घराघरांत पाठ झाला, मग 1 मे 1960 आला. फ्लोराचा चौक हुतात्मा चौक झाला. तिथेच, त्या गजबजाटाकडे पाहत, दादाभाईंचा पुतळा बसला आहे. बसलेलाच आहे, उभा नाही, हिशेब करायला बसल्यासारखा. सिग्नल सुटायची वाट पाहणारे लोक त्याच्या चौथऱ्याला टेकतात. टेकू देत. पण हा कोण, असं विचारलं तर दहातले आठ "कुणी पारशी शेठ" म्हणतात. मी विचारून पाहिलं आहे.

हा रस्ता नीट ठेवता येत नाही असं मात्र नाही. 1995 मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली, देशात पहिली. त्यानंतर काही वर्षांत या रस्त्यावर वास्तुविशारद, महानगर प्राधिकरण, दुकानदार सगळे एकत्र बसले. कमानी झाकणाऱ्या भल्या थोरल्या पाट्या उतरल्या, कमानीच्या आकारात बसतील अशा लागल्या, दिवे-बाकं बदलली. 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मी तेव्हा नोकरीत होतो. एका सकाळी पाटी उतरलेली आणि तिच्यामागून काळ्या दगडाची कमान बाहेर आलेली, मी वीस वर्षं जिच्याखालून जात होतो आणि जी कधी पाहिलीच नव्हती. शेजारचा उडुपीवाला बाहेर येऊन वर बघत उभा होता. त्याच्या हातातला चहा सांडत होता, त्याला भान नव्हतं.

म्हणजे जमलं होतं. दुकानदारांची समजूत घालून, दंडुका न उगारता जमलं होतं.

आता मागणं. कारकुनाचं आहे, लहान आहे, अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष लागणार नाही. रस्त्याचं नाव जिथे जिथे पालिका स्वतः लिहिते, पाटीवर, नकाशावर, करपावतीवर, बेस्टच्या थांब्यावर, तिथे ते पूर्ण लिहावं : दादाभाई नौरोजी मार्ग. दुकानदारांना पत्र जाऊ द्या, नवी पाटी करताना तेवढी सात अक्षरं घाला म्हणून. अंधेरीचंही ओघात करून टाका. आणि बोरीबंदर ते फाउंटन, दोन्ही बाजूंना, दर तीन-चार इमारतींमागे एका खांबावर हातभर फलक लावा. इमारतीचं कौतुक त्यावर नको. कमानीखालची ही वाट कुणासाठी ठेवली आहे ते लिहा. वाट मोकळी करायचं काम आपण आपल्या सवडीने कराल, पण निदान पावसात उभ्या राहिलेल्या माणसाला बोट दाखवायला काहीतरी असू द्या.

सरकारी मजकूर कसा होतो हे ठाऊक असल्याने, 'सदर ठिकाणी' आणि 'उपरोक्त' टाळण्यासाठी, मसुदा मीच सोबत जोडतो. खुशाल वापरा, माझं नाव नको :

दादाभाई नौरोजी मार्ग
दादाभाई नौरोजी (1825–1917). शिक्षक, महापालिकेचे सभासद, ब्रिटिश पार्लमेंटचे खासदार. देशाच्या गरिबीचा हिशेब यांनी मांडला.
या पट्ट्यात पूर्वी मुंबईच्या कोटाचा तट होता. पुढे हा हॉर्नबी रोड झाला.
1896 च्या नियमाने या कमानी चालणाऱ्यांसाठी सोडल्या आहेत. पाऊस असेल तर थांबा.

मजकूर कापायची वेळ आली तर वरून कापा. शेवटची ओळ ठेवा.

आपला नम्र,
बोरीबंदर ते फाउंटन रोज चालत गेलेला एक निवृत्त कारकून

ता. क. : नातीने हे पत्र टाइप करून दिलं. 'डी. एन.' आलं की तिचा फोन आपोआप 'डीएनए' करत होता. तो भाग तिने हाताने दुरुस्त केला आहे, तरी कुठे राहिला असल्यास क्षमस्व.